जेम्स म्वांगी आणि केनियाची इक्विटी बँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. बुडालेली संस्था पुन्हा उभी राहून देशातली मोठी बँक झाली, असं क्वचितच वाचायला मिळतं. केनियात असं घडलं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा जेम्स म्वांगी यांचा आहे. त्यांच्याविषयी सहसा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

जेम्स म्वांगी कोण आहेत?

पूर्ण नाव जेम्स न्जुगुना म्वांगी. जन्म १९६२ चा. शिक्षणाने हिशेबनीस, पेशाने बँकर. नैरोबीत मुख्यालय असलेल्या इक्विटी समूहाचे ते मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. समूहाच्या धर्मादाय कामाची, म्हणजे इक्विटी ग्रुप फाउंडेशनची, धुराही त्यांच्याकडेच आहे. पूर्व आफ्रिकेत त्यांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जातं. ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांची खाती त्यांनी उघडली, आणि गरीब घरांतल्या हुशार मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचा खर्च उचलणारी मोठी योजना उभी केली.

त्यांचं बालपण कसं गेलं?

नैरोबीच्या उत्तरेला ॲबरडेअर डोंगररांगेच्या उतारावर मुरांगा जिल्हा आहे. चहा-कॉफीचे मळे, लाल माती आणि उतारावरची लहान लहान शेतं असा हा भाग. तिथल्या कांगेमा परिसरातल्या एका खेड्यात ते वाढले. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं आणि सात भावंडांना आईने एकटीने वाढवलं. घर चालवायला मुलांनीही हातभार लावायचा, हा घरचा शिरस्ता होता. कोळसा विकायचा, फळं विकायची, गुरं राखायची आणि तरीही शाळा चुकवायची नाही. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाने शिकायचंच, हा आईचा हट्ट होता, असं म्वांगी आजही भाषणांतून सांगतात.

पुढे कागुमो हायस्कूल, मग नैरोबी विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी आणि त्यानंतर सनदी लेखापालाची पात्रता. अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण संस्थेत आणि नंतर ट्रेड बँकेत त्यांनी नोकरी केली.

इक्विटी ही संस्था त्यांनीच स्थापन केली का?

नाही. हा गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो. इक्विटी बिल्डिंग सोसायटी १९८४ मध्ये पीटर मुंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुरांगा जिल्ह्यातच सुरू केली. लोकांच्या ठेवी गोळा करायच्या आणि त्यातून घरबांधणीसाठी दीर्घ मुदतीची कर्जं द्यायची, असं तिचं स्वरूप होतं. मुंगा अनेक वर्षं अध्यक्ष होते आणि जॉन म्वांगी दीर्घकाळ व्यवस्थापकीय प्रमुख. आडनाव सारखं असल्यामुळे या दोन म्वांगींची वाचकांकडून सरमिसळ होते.

जेम्स म्वांगी १९९३ च्या सुमारास आले, तेव्हा संस्थेचा श्वास अडकला होता.

त्या वेळी संस्थेची अवस्था किती वाईट होती?

केनियाच्या मध्यवर्ती बँकेने तिला दिवाळखोर ठरवलं होतं. दिलेल्या कर्जांपैकी ५४ टक्के थकीत होती. साचलेला तोटा ३ कोटी ३० लाख शिलिंग (केनियाचं चलन) आणि भरणा झालेलं भागभांडवल अवघं ३० लाख शिलिंग, म्हणजे भांडवलाच्या अकरा पट तोटा. कायद्याने रोख तरलता, म्हणजे ठेवींच्या मानाने हाताशी ठेवायची रोकड, किमान २० टक्के हवी होती, ती ५.८ टक्क्यांवर आली होती. रोजचा खर्च ठेवीदारांच्या पैशातून भागत होता. संस्थेचा हिशेब ज्याला कळतो त्याला या शेवटच्या वाक्याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. ठेवींतून पगार निघू लागले की संस्थेचे दिवस भरलेले असतात.

दुखण्याचं मूळ मुदतींच्या विसंगतीत होतं. शेतकरी आणि छोटे विक्रेते अल्प मुदतीच्या ठेवी ठेवत होते आणि संस्था त्यातून पंधरा-वीस वर्षांची घरकर्जं देत होती. त्यातच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केनियाची अर्थव्यवस्था ढासळली, महागाई भडकली आणि वसुली थांबली.

मग मध्यवर्ती बँकेने ती बंद का केली नाही?

संस्था इतकी लहान होती की ती बुडाली असती तरी देशाच्या बँकिंगला धक्का बसला नसता. कर्मचारी सत्तावीस, शाखा पाच. मोठ्या बँका कोसळत असताना नियामकाचं लक्ष तिकडे होतं. दरम्यान मुंगा यांनी म्वांगींना गळ घातली. चांगल्या पगाराची कारकीर्द सोडून डबघाईला आलेल्या संस्थेत जायचं, हा निर्णय बाहेरून पाहणाऱ्याला अविचार वाटला असता. पण संस्था त्यांच्याच गावाकडची होती आणि तिथे ठेवी ठेवणारी माणसं त्यांच्या ओळखीतली होती.

संस्था वाचली कशी? नेमकं काय बदललं?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण सगळा धडा इथेच आहे. बाहेरून कोणी मोठी रक्कम ओतली आणि संस्था तरली, असं झालं नाही. पहिली काही वर्षं तर बाहेरचा पैसा आलाच नाही.

पहिला बदल कर्जाच्या प्रकारात झाला. घरकर्जाचा नाद सोडून लहान रकमेची, कमी मुदतीची कर्जं सुरू झाली. चहाच्या कारखान्याला पानं घालणारा शेतकरी, बाजारात भाजी विकणारी बाई, छोटा दुकानदार, ठरावीक पगारावर आगाऊ रक्कम मागणारा शिक्षक हे आता कर्जदार झाले. पैसा लवकर फिरू लागला आणि ठेवी आणि कर्जं यांच्या मुदती जुळू लागल्या.

दुसरा बदल वागणुकीत झाला. सगळ्या कर्मचाऱ्यांनी, मग तो कोणत्याही टेबलावरचा असो, बाहेर पडून लोकांना भेटायचं आणि ठेवी आणायच्या, हा नियम झाला. शाखेत आलेल्या माणसाशी त्याच्या भाषेत, आदराने बोलायचं. ज्याच्या पायाला शेतातली माती लागलेली आहे त्याला काउंटरवर अवघडल्यासारखं वाटता कामा नये, यावर म्वांगींचा कटाक्ष होता. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण त्या काळी केनियातल्या परदेशी बँकांच्या काचेच्या दारातून आत जायलाच गरीब माणूस बिचकत असे.

तिसरा बदल शुल्काचा. मायक्रोसेव्ह या संस्थेच्या मदतीने इक्विटीने ग्राहकांचे छोटे छोटे गट बसवून त्यांचं म्हणणं ऐकलं. त्यातून कळलं की लोकांना शुल्काच्या रकमेपेक्षा ते कशासाठी कापलं जातं हे न समजण्याचा त्रास अधिक होतो. खातेपुस्तकात महिन्याला चार ओळींमध्ये काही ना काही वजा झालेलं दिसलं की विश्वास उडतो. मग शुल्करचना सुटसुटीत केली. खातं उघडायला पैसे नाहीत, किमान शिल्लक नाही, खातं सांभाळण्याचा मासिक आकार नाही, फक्त व्यवहार केला तर त्याचा आकार. आपल्याकडे जनधन खाती २०१४ मध्ये आली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे आणि ती सरकारी आदेशाशिवाय घडली.

२००० च्या सुमारास संगणकीकरण झालं आणि रांगा आटोक्यात आल्या. २००३ च्या अखेरीस खातेदार अडीच लाखांच्या आसपास पोहोचले होते.

त्या काळात मोठ्या बँका काय करत होत्या?

गावांतून काढता पाय घेत होत्या. १९९० च्या दशकात मोठ्या परदेशी बँकांनी किमान शिल्लक वाढवली आणि ग्रामीण शाखा बंद केल्या. लहान खातं म्हणजे खर्च, असा त्यांचा हिशेब. त्यांनी सोडलेली माणसं इक्विटीकडे आली. संस्थेच्या यशात या योगाचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारून म्वांगींचं कौतुक करण्यात अर्थ नाही. मात्र सोडलेल्या माणसांना सांभाळायची तयारी त्या वेळी फार थोड्यांची होती.

जमिनीचा कागद नसलेल्या माणसाला कर्ज कशावर मिळत असे?

घरातलं फर्निचर, गुरं, दुकानातला माल, गटातल्या लोकांचा जामीन अशा गोष्टींवर. सोफा किंवा पलंग विकून बँकेची भरपाई होत नाही, हे बँकेलाही ठाऊक होतं. पण ती वस्तू त्या कुटुंबाला प्रिय असते आणि शेजाऱ्यांदेखत ती उचलून नेली जाण्याची नामुष्की कोणालाच नको असते. तारणाची बाजारातली किंमत आणि घरातली किंमत यांत फरक असतो, हे ओळखून कर्ज दिलं गेलं. पुढे बायकांसाठी ‘फनिकिशा’ आणि शेतकऱ्यांसाठी ‘किलिमो बिआशारा’ अशा योजना आल्या. २००८ च्या किलिमो बिआशारामध्ये केनिया सरकार, आफ्रिकेतल्या हरितक्रांतीसाठी काम करणारी ‘आग्रा’ ही संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा कृषी विकास निधी यांनी ५० लाख डॉलरची हमी दिली. तिच्या जोरावर इक्विटीने ५ कोटी डॉलरच्या शेतीकर्जाची तयारी ठेवली.

गाडीवरची बँक म्हणजे काय?

शाखा परवडणार नाही अशा गावात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बँकेची गाडी यायची. आत तिजोरी, संगणक, एक-दोन कर्मचारी आणि सोबत बंदूकधारी रक्षक. एखाद्या खोलीत किंवा गाडीतच काउंटर लागायचं, लोक पैसे भरायचे, काढायचे, संध्याकाळी गाडी जवळच्या मुख्य शाखेत परत. ब्रिटिश सरकारच्या विकास विभागाचं यासाठी अनुदान होतं. बाजाराच्या दिवशी माणसाच्या हातात रोकड असते आणि तोच दिवस खर्चाचाही असतो. त्याच दिवशी बँक समोर उभी राहिली तर चार पैसे मागे पडतात. चाकावरच्या या शाखांनी इक्विटीला जाहिरातींपेक्षा जास्त खातेदार दिले असावेत, असं मला वाटतं.

पतसंस्थेसारख्या संस्थेची बँक कधी झाली?

२००४ च्या अखेरीस व्यापारी बँकेचा परवाना मिळाला आणि त्याच सुमारास जेम्स म्वांगी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ऑगस्ट २००६ मध्ये समभागांची नैरोबी शेअर बाजारात नोंदणी झाली. २००७ मध्ये हेलिऑस या गुंतवणूक संस्थेने सुमारे ११ अब्ज शिलिंग देऊन जवळजवळ एक चतुर्थांश हिस्सा घेतला. २००८ पर्यंत खात्यांनी ३० लाखांचा टप्पा ओलांडला होता.

एम-पेसा आणि इक्विटी यांचं नातं काय?

आधी मैत्री, मग स्पर्धा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने २००७ मध्ये आणली आणि केनियाचा व्यवहारच बदलून गेला. मे २०१० मध्ये दोघांनी मिळून ‘एम-केशो’ हे बचत खातं काढलं. गाजावाजा खूप झाला, पण ग्राहक कोणाचा आणि उत्पन्न कोणाचं यावर जमलं नाही. २०१२ मध्ये सफारीकॉमने दुसऱ्या बँकेबरोबर ‘एम-श्वारी’ ही मोबाइलवरची बचत आणि कर्जाची सेवा सुरू केली.

म्वांगींनी मग स्वतःच दूरसंचारात उडी घेतली. एअरटेलचं जाळं भाड्याने घेऊन ‘इक्विटेल’ सेवा काढली. तिचं सिमकार्ड कागदासारखं पातळ, ग्राहकाच्या जुन्या सिमवर चिकटवायचं. त्यामुळे जुना नंबर न सोडता बँकेची सेवा मिळायची. सफारीकॉमने सुरक्षेचा मुद्दा काढून विरोध केला, प्रकरण नियामकाकडे गेलं आणि २०१४ मध्ये चाचणी म्हणून परवानगी मिळाली. दुकानदारांना बँकेचे एजंट नेमण्याची मुभा २०१० मध्ये मिळालीच होती. आज इक्विटीचे नव्वद टक्क्यांहून अधिक व्यवहार शाखेबाहेर होतात.

केनियाबाहेर इक्विटी कुठे आहे?

युगांडा, दक्षिण सुदान, रवांडा, टांझानिया आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक (किन्शासा). यांत काँगो महत्त्वाचा. २०१५ मध्ये तिथली प्रोक्रेडिट बँक घेतली, २०२० मध्ये बीसीडीसी ही जुनी बँक घेतली आणि दोन्ही मिळून ‘इक्विटी-बीसीडीसी’ झाली. दक्षिण सुदानमध्ये यादवी आणि चलनाच्या घसरणीचे चटके बसले. सगळेच बेत तडीस गेले असंही नाही. चार देशांतल्या बँका घेण्याचा ॲटलस मारा या कंपनीबरोबरचा व्यवहार २०२० मध्ये सोडून द्यावा लागला.

‘विंग्ज टू फ्लाय’ ही शिष्यवृत्ती काय आहे?

म्वांगींच्या दानकार्याची खरी ओळख हीच. तिची मुळं मात्र आधीची आहेत. १९९८ पासून इक्विटी प्रत्येक जिल्ह्यात शालान्त परीक्षेत पहिला आलेला मुलगा आणि पहिली आलेली मुलगी यांना विद्यापीठात जाण्याआधीच्या काळात शाखेत पगारी काम देत असे. खेड्यातल्या मुलाला त्यातून पहिली कमाई मिळे आणि कामाची शिस्त कळे. पुढे यांतली बरीच मुलं जगातल्या नामांकित विद्यापीठांत गेली.

पण ही योजना शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलेल्यांसाठी होती. त्याआधीच गळणाऱ्यांचं काय? केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झालं. मात्र माध्यमिक शाळा बहुतांश निवासी, आणि तिथे फी, गणवेश, गादी, पुस्तकं, जाण्यायेण्याचं भाडं सगळं लागतं. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाकडे सामानाची पत्र्याची पेटी हवी, हीसुद्धा तिथे अट असल्यासारखीच. आठवीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही पेटी आणि गादी घेता न आल्याने घरी बसलेली मुलं गावोगाव होती.

मास्टरकार्ड फाउंडेशनच्या साथीने २०१० च्या सुमारास सुरू झालेली विंग्ज टू फ्लाय हा सगळा खर्च चार वर्षं उचलते. फी तर आहेच, शिवाय गणवेश, बूट, पुस्तकं, प्रवासभाडं आणि हातखर्चही. नंतर अमेरिकेची आणि ब्रिटनची सरकारी मदत, तसंच जर्मनीची केएफडब्ल्यू बँक यांचीही भर पडली. आतापर्यंत २० हजारांहून अधिक मुलांना तिचा लाभ झाला आहे.

निवडीची पद्धत मला विशेष मोलाची वाटते. प्रत्येक भागात स्थानिक समिती असते. तिच्यात शिक्षण अधिकारी, प्रशासनातली माणसं, धर्मगुरू आणि शाखा व्यवस्थापक बसतात. मुलाची मुलाखत होते आणि अर्जात लिहिलेली परिस्थिती खरी आहे का, हे घरी जाऊन पाहिलं जातं. अनाथ, अपंग, घरात कमावतं कोणी नाही अशांना प्राधान्य. गावातल्या लोकांसमोर निवड होत असल्यामुळे पुढाऱ्याच्या पुतण्याची वर्णी लावणं अवघड जातं. सुट्टीत मुलांना एकत्र आणून मार्गदर्शनही केलं जातं. पैसे शाळेच्या खात्यात भरले आणि जबाबदारी संपली, असं तिथे होत नाही.

ही मुलं पुढे काय करतात?

एक ठळक उदाहरण ‘इक्विटी आफिया’ दवाखान्यांचं. फाउंडेशनच्या कार्यक्रमांतून शिकून डॉक्टर झालेल्यांना दवाखाना काढायला मदत केली जाते आणि एकाच नावाखाली, एकसारख्या दर्जाने ते चालवले जातात. २०१५ पासून ही साखळी वाढते आहे. शिष्यवृत्ती घेतलेली मुलगी डॉक्टर होऊन आपल्याच भागातल्या खातेदारांना तपासते, हा या सगळ्या उभारणीतला सर्वांत सुंदर भाग आहे.

हा पैसा म्वांगींचा स्वतःचा की बँकेचा?

प्रश्न रास्त आहे. बराचसा पैसा देणगीदार संस्थांचा आणि बँकेचा आहे. फाउंडेशन बँकेच्याच शाखा, माणसं आणि यंत्रणा वापरतं, त्यामुळे देणगीतला वाटा कार्यालयीन खर्चात कमी जातो, असं म्वांगी सांगतात. कुटुंबाने स्वतः दिल्याचं ठळक उदाहरण कोविडच्या काळातलं. २०२० मध्ये म्वांगी कुटुंब, इक्विटी आणि मास्टरकार्ड फाउंडेशन यांनी मिळून १.१ अब्ज शिलिंग आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षक साधनांसाठी उभे केले. त्याच सुमारास बँकेने जाहीर केलेला ९.५ अब्ज शिलिंगांचा लाभांश मागे घेतला. भागधारक नाराज झाले, पण अनिश्चित काळात रोकड हाताशी ठेवणं योग्यच होतं. १९९३ ची तरलता पाहिलेल्या माणसाने वेगळं काही केलं असतं तर नवल वाटलं असतं.

माझ्या मते त्यांच्या दानापेक्षा त्यांच्या बँकिंगने अधिक लोकांचं भलं केलं. शिष्यवृत्ती हजारोंना मिळाली, खातं लाखोंना.

त्यांच्यावर टीका कोणती होते?

पहिली, व्याजाची. लहान कर्ज महाग पडतं, आणि केनियात बँकांचे दर इतके चढे होते की २०१६ मध्ये संसदेने कायद्याने मर्यादा घातली. ती २०१९ मध्ये उठली. मर्यादेच्या काळात बँकांनी लहान कर्जदारांना हात आखडता घेतला. इक्विटीनेही सरकारी रोख्यांकडे मोर्चा वळवला. ज्यांच्यासाठी बँक उभी राहिली त्यांनाच तेव्हा उभं राहायला जागा कमी पडली, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरी टीका आकाराची. २०२४ मध्ये समूहाचा निव्वळ नफा ४८ अब्ज शिलिंगांहून अधिक होता. एवढ्या मोठ्या यंत्रणेत बाजारातल्या भाजीवालीला पूर्वीसारखी विचारपूस मिळते का, असं जुने खातेदार विचारतात.

तिसरी बाब गंभीर आहे. अलीकडच्या वर्षांत बँकेत अंतर्गत फसवणुकीची प्रकरणं उघडकीला आली आणि २०२५ मध्ये हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्याची कारवाई झाली. म्वांगींनी ती जाहीरपणे मांडली. दडपून ठेवण्यापेक्षा हे चांगलं. तरी देखरेख इतकी ढिली कशी पडली, हा प्रश्न उरतोच.

कोणते सन्मान मिळाले?

२०१२ मध्ये मोंटे कार्लो इथे अर्न्स्ट अँड यंगचा ‘जागतिक उद्योजक’ पुरस्कार, ज्या कंपनीत त्यांनी एकेकाळी नोकरी केली तिच्याच नावाचा. त्याच वर्षी फोर्ब्स आफ्रिकाने त्यांची ‘वर्षातील व्यक्ती’ म्हणून निवड केली. २०२० मध्ये ऑस्लोचा ‘बिझनेस फॉर पीस’ पुरस्कार. केनियाच्या ‘व्हिजन २०३०’ या राष्ट्रीय विकास आराखड्याच्या अंमलबजावणी मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं.

त्यांच्यानंतर कोण?

गुंतवणूकदार हा प्रश्न गेली काही वर्षं विचारत आहेत. केनियातल्या बँकेला आता स्वतंत्र व्यवस्थापकीय संचालक आहे, इतर देशांतल्या बँकांनाही आहेत. समूहाची सूत्रं मात्र २००४ पासून म्वांगींकडेच आहेत आणि त्यांनी साठी ओलांडली आहे. इक्विटीच्या पहिल्या ठेवीदारांनी बँकेकडे पाहण्याआधी माणसाकडे पाहिलं होतं. नव्या पिढीचा खातेदार फोनवरून खातं उघडतो आणि शाखेत कधी पाऊलही ठेवत नाही. त्याला म्वांगी हे नाव माहीत असेलच असं नाही. पुढच्या प्रमुखाला त्याचा विश्वास नव्याने कमवावा लागेल, आणि तोही काउंटरवरच्या नमस्काराशिवाय.